आधी बघा, मग शिकवा!

तुमच्या घराजवळच्या एखाद्या गल्लीत हा बोर्ड नक्की असेल. भडक रंग, कोपऱ्यात फुलपाखरू नाहीतर कार्टून आणि शाळेच्या नावात कुठेतरी ‘मॉन्टेसरी’. कदाचित अशाच एखाद्या शाळेच्या दारात पहिल्या दिवशी तुम्हीही भोकाड पसरलं असेल. पण मॉन्टेसरी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगतो? बालवाडीचं इंग्रजी नाव! नाहीतर, जरा जास्त फीवाली बालवाडी.

तर मंडळी, मॉन्टेसरी हे एक आडनाव आहे. मारिया मॉन्टेसरी नावाच्या एका इटालियन बाईचं. गंमत म्हणजे तिला शिक्षिका अजिबात व्हायचं नव्हतं. घरच्यांनी ते सुचवलं तेव्हा तिनं ठाम नकार दिला होता. ती झाली डॉक्टर. आणि डॉक्टर जसा औषध लिहून देण्याआधी पेशंटला तपासतो, तसं तिनं शिकवण्याआधी मुलांना तपासलं. म्हणजे काय केलं? तर बघत बसली. तासन् तास. तिच्या सगळ्या पद्धतीचं मूळ या बघण्यात आहे.

तुमच्यापैकी कुणी डी.एड., बी.एड. करत असेल, कुणी पॉकेटमनीसाठी ट्यूशन घेत असेल, कुणाच्या घरी तीन वर्षांचा भाचा धुमाकूळ घालत असेल. यातलं काहीच नसेल तरी कधीतरी तुम्ही शाळेतल्या बाकावर गप्प बसून कंटाळला आहातच की! म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी.

मुलांच्या शाळेतली मुलगी

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाल्ले या छोट्या गावातला. वडील आलेसान्द्रो सरकारी अधिकारी, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे मात्र भरपूर वाचणारी आणि मुलीच्या पाठीशी उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब रोमला आलं.

तेराव्या वर्षी तिनं टेक्निकल शाळेत नाव घातलं. तिथे जवळपास सगळे मुलगेच. तिला इंजिनीअर व्हायचं होतं. पुढे विचार बदलला आणि तिनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना ते पसंत नव्हतं, समाजाला तर नव्हतंच. तरी ती रोमच्या विद्यापीठात शिरली.

आता तिथली परिस्थिती बघा. प्रेताचं विच्छेदन सुरू आहे आणि खोलीत पुरुष विद्यार्थ्यांच्या सोबत एक मुलगी उभी आहे, हे तेव्हा कुणालाच चालण्यासारखं नव्हतं. मग मारियानं काय करायचं? सगळे गेल्यावर संध्याकाळी एकटीनं विच्छेदन करायचं. प्रेतांच्या वासानं जीव नकोसा व्हायचा, म्हणून ती तिथे तंबाखू ओढायची, असं तिच्या चरित्रात येतं. अशी ती १८९६ मध्ये डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या मोजक्या महिला डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत तिनं कामकरी बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळावा, अशी मागणी मांडली. वय वर्षं सव्वीस!

भाकरीच्या तुकड्यांमागची भूक

डॉक्टर झाल्यावर ती विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागली. त्या कामासाठी वेड्यांच्या इस्पितळांत जावं लागायचं. तिथे मोठ्या माणसांसोबत लहान मुलंही कोंडलेली असत. शिकू शकत नाहीत, असं ठरवून समाजानं बाजूला टाकलेली मुलं.

तिथला एक प्रसंग तिच्या बाबतीत नेहमी सांगितला जातो. एका उघड्याबोडक्या खोलीत काही मुलं होती. जेवण झालं की ती जमिनीवर रांगत पावाचे तुकडे गोळा करायची. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस यायची, मुलं खादाड आहेत असं तिचं मत. मारियानं जरा वेळ नीट बघितलं. मुलं तुकडे खातच नव्हती. हातात घेऊन दाबत होती, फिरवत होती, चुरत होती. त्या अख्ख्या खोलीत हाताळण्यासारखी दुसरी वस्तूच नव्हती! भूक होती, पण ती पोटाची नव्हती, हाताची होती.

दोघी एकाच खोलीत उभ्या. एकीला खादाडपणा दिसला, दुसरीला शिकायची धडपड दिसली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मग मारिया वाचनाला लागली. तिच्या आधी फ्रान्समध्ये इतार नावाच्या डॉक्टरनं जंगलात सापडलेल्या एका मुलाला शिकवायचा प्रयत्न केला होता. त्याच्या वाटेवर पुढे गेलेल्या सेगँ यानं अशा मुलांसाठी हाताळायची साधनं तयार केली होती. मारियानं त्यांची पुस्तकं नुसती वाचली नाहीत, तर हातानं इटालियनमध्ये उतरवून काढली. १९०० मध्ये रोमला अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली, तिची ती सहसंचालक झाली. दिवसभर मुलांसोबत काम आणि रात्री नोंदी.

निकाल असा, की त्यातली काही मुलं नेहमीच्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षेत पास झाली. सगळीकडे वाहवा झाली. मारियाच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळू लागला. या मुलांना इतकं जमतं, तर मग धडधाकट मुलांचं शाळेत नेमकं काय होतंय, की त्यांची मजल तेवढ्यावरच अडते?

स्वतःचं मूल

इथे गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग येतो.

संस्थेतला तिचा सहकारी डॉ. ज्युझेप्पे मोंतेसानो आणि मारिया यांचं प्रेम होतं. ३१ मार्च १८९८ ला त्यांना मुलगा झाला. मारियो. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मारियाला काम सोडावं लागलं असतं. लग्नाविना मूल झालेलं जगाला कळलं असतं, तर काम आपोआपच सुटलं असतं. बाळाला रोमबाहेर एका खेड्यातल्या कुटुंबाकडे ठेवलं गेलं. मारिया अधूनमधून त्याला भेटायला जायची, पण आई म्हणून नाही. पुढे १९०१ मध्ये मोंतेसानोनं दुसरीशी लग्न केलं आणि मारियानं ती संस्था सोडली.

म्हणजे जगाला मुलं कशी वाढतात ते दाखवणारी ही बाई स्वतःच्या मुलाची पहिली पावलं, पहिले शब्द बघू शकली नाही. मारियो तिच्याकडे राहायला आला तेव्हा साधारण पंधरा वर्षांचा होता. त्यानंतरही कितीतरी वर्षं लोकांना तो तिचा पुतण्या म्हणूनच माहीत होता. यासाठी कुणी तिला दोष देतं, कुणी त्या काळाला. तुम्ही काय म्हणाल ते तुमच्यावर. मात्र त्या वेळी मारियो आणि काम यातलं एकच निवडायची पाळी मोंतेसानोवर आली नव्हती, ती फक्त मारियावर आली होती, एवढं ध्यानात असू द्या.

सान लोरेन्झोची पन्नास पोरं

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची वस्ती होती. अर्धवट बांधून सोडलेल्या इमारती, त्यात दाटीवाटीनं राहणारी गरीब माणसं. एका कंपनीनं तिथल्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्यानं दिल्या. आईबाप दिवसभर कामावर, मोठी मुलं शाळेत. मागे उरलेली लहान पोरं जिन्यावर हुंदडायची, नव्या भिंती खराब करायची. भिंती वाचवायच्या तर पोरांना एका खोलीत सांभाळायला हवं, असा मालकांचा साधा हिशेब. ते काम मारियाकडे आलं.

६ जानेवारी १९०७. विया देई मार्सी या रस्त्यावरच्या एका इमारतीत मारियाची ही शाळा उघडली. नाव पडलं कासा देई बाम्बिनी, म्हणजे मुलांचं घर. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नास-साठ मुलं. रडकी, बुजरी, भेदरलेली. सांभाळायला ठेवलेली बाई शिक्षणशास्त्र शिकलेली नव्हती आणि मारियाला ते सोयीचंच वाटलं. जुन्या सवयी मोडायचा प्रश्नच नव्हता. आयांना अट होती, मुलाला स्वच्छ आंघोळ घालून, धुतलेले कपडे घालून पाठवायचं.

मारियानं तिथे आपली आधीच्या संस्थेतली साधनं ठेवली आणि बघायला सुरुवात केली.

एक साधारण तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे घेऊन बसली होती. एका लांब ठोकळ्यात कमी-जास्त आकाराची भोकं आणि प्रत्येक भोकात बरोबर बसणारा एक दट्ट्या. ती सगळे काढायची, मिसळायची, पुन्हा बसवायची. मारियानं बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. मुलगी हलली नाही. मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीनं ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम पुढे चालू! चाळीसहून अधिक वेळा तिनं ते केलं. मग एकदम थांबली, आणि झोपेतून ताजीतवानी उठल्यासारखी हसऱ्या चेहऱ्यानं इकडेतिकडे बघू लागली.

लहान मुलांचं लक्ष टिकत नाही, असं आपण किती सहज म्हणतो! मारियाला दिसलं ते वेगळंच. लक्ष टिकतं. काम त्याच्या जोगतं हवं आणि मध्येमध्ये लुडबुड करणारं मोठं माणूस नको.

दुसरा प्रसंग. एके दिवशी साधनांचं कपाट उघडंच राहिलं. बाईंना यायला उशीर झाला. येऊन बघतात तर मुलांनी आपापल्या वस्तू काढून घेतलेल्या! बाईंना वाटलं, ही चोरीची सवय, शिक्षा करायला हवी. मारिया म्हणजे बघणारी. तिच्या लक्षात आलं, की मुलांना कुठली वस्तू कुठे असते ते पाठ आहे आणि आज आपल्याला काय करायचंय, तेही त्यांना माहीत आहे. मग कुलूपबंद कपाट गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या मांडण्या आल्या. आज कुठल्याही चांगल्या बालवाडीत तुम्हाला ज्या मांडण्या दिसतात, त्यांची ही जन्मकथा.

तिसरा तर फारच गोड आहे. एकदा मारियानं मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कुणाच्या लक्षात येऊ न देता कसं पुसायचं. धडा संपला आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! का? शेंबडं नाक म्हणून आजवर प्रत्येकानं त्यांना हिणवलं होतं. पण नाक पुसायचं कसं, हे मात्र कुणीच दाखवलं नव्हतं. मान राखून शिकवलेली ती पहिलीच गोष्ट होती.

बक्षिसाचंही तसंच. चांगल्या मुलाला छातीवर लावायला पदक मिळायचं आणि त्रास देणाऱ्याला एकट्याला खुर्चीत बसवायचं, असा बाईंचा नियम. एकदा कामात गढलेल्या मुलाचं पदक खाली पडलं. शिक्षा झालेल्या मुलानं ते उचलून दिलं, तर पहिल्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तूच घाल, असं म्हणून तो कामाला लागला. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही हळूहळू गळून पडली.

खडूनं लिहिलेला हात

या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचा मारियाचा विचार नव्हता. आयांनी आग्रह धरला. मग तिनं सुताराकडे असतो तशा खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलं त्यावरून बोट फिरवायची आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज काढायची. डोळा, बोट आणि कान, तिन्ही एकदम कामाला. शिवाय सुटी अक्षरं होती, ती जमिनीवर मांडून शब्द बनवता यायचे. इटालियन भाषा बरीचशी आपल्या मराठीसारखी, जसं बोलतात जवळपास तसंच लिहितात. त्यामुळे आवाज आणि अक्षराची गाठ झटकन बसायची.

त्याच वर्षी डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी ती मुलांसोबत गच्चीवर होती. एका पाच वर्षांच्या मुलाला तिनं खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं काढलं. तिनं शाबासकी दिली. मुलगा हरखला आणि आपल्याला लिहिता येतंय, असं ओरडतच त्यानं फरशीवर लिहिलं, मानो. म्हणजे हात. मग धुराडं. मग छप्पर. बाकीची मुलं धावत आली, खडू मागू लागली आणि लिहीत सुटली. जमीन, दारं, भिंती, काही सोडलं नाही.

पेन्सिल धरायला, अक्षर गिरवायला दामटून बसवलं नव्हतं, तरी हे झालं कसं? हाताची तयारी आधीच झाली होती. ते दट्टे चिमटीत पकडून पकडून बोटं तयार झाली होती, खरखरीत अक्षरांवरून वळणं अंगात मुरली होती. लिहिणं हे त्या सगळ्याचं पिकलेलं फळ.

यात विज्ञान काय?

आता तिची साधनं जरा बारकाईनं बघू. तिचा गुलाबी मनोरा घ्या. दहा घन, सगळे एकाच रंगाचे, सगळे लाकडाचे. सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहाचा. फरक फक्त आकारात. म्हणजे मुलाचं लक्ष एकाच गोष्टीवर जातं. एका वेळी एकच नवी गोष्ट.

दट्टे चुकीच्या भोकात गेले, तर शेवटी एक उरतो आणि बसतच नाही. चूक झाली हे वस्तूच सांगते. बाईंचं लाल पेन लागत नाही, चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही. मूल पुन्हा करून बघतं. आपल्या परीक्षांमध्ये चूक महिन्यानं कळते, तीही मार्क कापून!

नवा शब्द शिकवायची तिची तीन पायऱ्यांची रीत सेगँकडून आलेली. पहिली पायरी, हे मोठं, हे लहान असं नाव सांगणं. दुसरी, मोठं कुठलं ते दाखवायला लावणं. तिसरी, हे काय आहे ते विचारणं. आपण मोठी माणसं बहुतेक वेळा पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि मुलाला आलं नाही की चिडतो. तिचं म्हणणं, दुसऱ्या पायरीवर अडखळलं तर रागवायचं नाही, साधन उचलून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काळ-वेळ. मुलाच्या वाढीत काही दिवस असे येतात, की एखादी गोष्ट शिकायची त्याला अनावर ओढ लागते. कधी भाषा, कधी वस्तू जागच्या जागी ठेवणं, कधी अगदी बारीकसारीक किडामुंगी बघणं. ते दिवस ओळखायचे कसे? शाळेच्या वेळापत्रकात ते लिहिलेले नसतात. मुलाकडे बघूनच ओळखावे लागतात.

कीर्ती, गर्दी आणि हुकूमशहा

१९०९ मध्ये तिचं पुस्तक आलं आणि मारिया जगभर गाजली. १९१३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिच्या भाषणाला तुडुंब गर्दी. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता, लोक बाहेर उभे राहून मुलांना बघत. पण तिथल्या नामांकित शिक्षणतज्ज्ञांनी तिच्यावर टीका केली आणि अमेरिकेतली लाट लवकरच ओसरली.

इटलीत मुसोलिनी आला. त्याला शिस्तीत वाचणारी-लिहिणारी मुलं हवी होती, तिला शाळांसाठी सरकारी पाठबळ हवं होतं. १९२४ पासून काही वर्षं दोघांचं जमलं. तिनं त्याची मदत घेतली, हे खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण स्वतः निवड करणारं मूल आणि सलाम ठोकणारं मूल एकाच वर्गात किती दिवस नांदणार? १९३४ मध्ये तिचं सरकारशी फाटलं, तिच्या शाळा बंद झाल्या, तिनं देश सोडला. नाझी जर्मनीत तर तिची पुस्तकं जाळली गेली. ती स्पेनमध्ये होती, तिथे १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तिथून निघून ती नेदरलँड्सला गेली.

अड्यार, अहमदनगर आणि बोर्डी

नोव्हेंबर १९३९ मध्ये ती मारियोसोबत मद्रासजवळच्या अड्यारला आली. बोलावलं होतं थिऑसॉफिकल सोसायटीनं. वय एकोणसत्तर. झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांत कोर्स सुरू झाला, देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक आले. काही महिन्यांत परत जायचा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भारतातल्या ब्रिटिश सरकारच्या लेखी हे दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियाला अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी झाली आणि मारियोला पाठवलं अहमदनगरच्या छावणीत. हो, आपल्याच नगरला, आताच्या अहिल्यानगरला.

ज्या मुलापासून ती पंधरा वर्षं दूर राहिली होती, तो पुन्हा तिच्यापासून तोडला गेला. ३१ ऑगस्ट १९४० ला तिचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी तिला सरकारकडून भेट मिळाली ती मारियोच्या सुटकेची.

युद्ध संपेपर्यंत ती इथेच अडकून राहिली आणि त्या काळात तिनं सगळ्यात जास्त काम केलं. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक तिच्या हाताखालून गेले. काही काळ कोडाईकनालला वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकत होती, ती त्यांना बघत होती. सत्तरी उलटल्यावरही बघणं थांबलं नव्हतं.

तिचे विचार मात्र तिच्या आधीच भारतात पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. या दोघांनी मॉन्टेसरीची पद्धत डोळे मिटून उचलली नाही, हे महत्त्वाचं. मारियाला लहान वयात परीकथा, कल्पनेच्या भराऱ्या फारशा पसंत नव्हत्या. गिजुभाईंनी मात्र आपल्या वर्गात गोष्टींना मानाचं पान दिलं. ताराबाईंपुढे प्रश्न होता पैशांचा. पॉलिश केलेली ती देखणी लाकडी साधनं खेड्यात कोण विकत घेणार?

१९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. तिथे शिंपले, गोटे, बिया, पानं, काटक्या हीच साधनं झाली. लहान-मोठं लावायला दट्टेच कशाला हवेत? शिंपलेही चालतात! वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नाक पुसून, केस विंचरून, आंघोळ घालून शाळा सुरू व्हायची. सान लोरेन्झोचा धडा डहाणूच्या किनाऱ्यावर! १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. पुढे १९७५ मध्ये सरकारनं देशभर बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं ते अंगणवाडी.

आणि आता?

मारिया मॉन्टेसरी ६ मे १९५२ ला नेदरलँड्समध्ये, समुद्राकाठच्या नोर्डवाइक गावी गेली. शांततेच्या नोबेलसाठी तीनदा तिचं नाव सुचवलं गेलं, ते मिळालं नाही. १९९० मध्ये इटलीनं एक हजार लिराच्या नोटेवर तिचा चेहरा छापला. ज्या मुलाला तिनं जगासमोर पुतण्या म्हणून वावरू दिलं, त्याचा उल्लेख मृत्युपत्रात तिनं माझा मुलगा असाच केला. तिच्यामागे काम पुढे नेलं तेही त्यानंच.

तिची पद्धत खरंच चालते का? २००६ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात एक अभ्यास झाला. सरकारी मॉन्टेसरी शाळेत प्रवेश लॉटरीनं व्हायचा. ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा नाही, अशा मुलांची तुलना केली. पाच वर्षांची मॉन्टेसरीतली मुलं वाचन-गणितात पुढे होतीच, शिवाय खेळताना जास्त समजुतीनं वागत होती. पण ती शाळा पद्धत नीट पाळणारी होती. बोर्डावरच्या नावावर कुणाची मालकी नाही, ते कुणीही लावू शकतं. त्यामुळे भाच्याच्या ॲडमिशनला जाल तेव्हा बोर्ड वाचू नका, आत डोकवा. साधनं मुलांच्या हाताला येतात, की शोकेसमध्ये आहेत? मुलं स्वतः काही निवडतात, की सगळे मिळून एकच पान गिरवतायत? बाई बोलतायत किती आणि बघतायत किती?

शाळा बदलणं तुमच्या हातात नसेल. पण एक गोष्ट आजच करता येईल. घरातलं लहान मूल बुटाची लेस बांधत असेल, ग्लासात पाणी ओतत असेल, तेव्हा मदतीला धावायच्या आधी दहा मिनिटं हात मागे बांधून नुसतं बघा. पाणी सांडेल. सांडू द्या, फडकं जवळ ठेवा. ट्यूशनमधल्या मुलाचं गणित चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका, तो कुठल्या पायरीवर अडखळला ते शोधा. आणि एखादं पोर खादाड, चोर किंवा मठ्ठ आहे असं मनात येईल, तेव्हा पावाचे तुकडे गोळा करणारी ती मुलं आठवा. त्यांच्या हातांना काय हवं होतं, ते त्या खोलीत कुणालाच दिसलं नव्हतं. थांबून बघणारं कुणीतरी यावं लागलं.